आजी पालक की नाही?

गावची शाळा : लेखांक १४

शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं आणि त्याचं पासबुक या वेळी उघडून बसू, असा शब्द मी मागच्या आठवड्यात दिला होता. एक जुनं पासबुक शोधून टेबलावर ठेवलंही होतं. पण मंगळवारच्या टपालानं एक पत्र आलं आणि खात्याचा विषय पुढे ढकलावा लागतोय. दसरा होऊन गेला, मुकादमांनी उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाटली, दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडतील. या पत्राला आत्ताच उत्तर दिलं नाही तर ते एप्रिलपर्यंत कुणाच्याही कामाचं राहणार नाही.

पत्र बीड जिल्ह्यातल्या एका आजींचं आहे, सातवीतल्या नातवाकडून लिहून घेतलेलं. आखीव वहीचं पान, अक्षर गोल आणि स्वच्छ. खाली नातवानं आजीचं नाव लिहिलंय आणि नावाशेजारी निळ्या शाईचा अंगठा. मजकूर एवढाच : ‘पोरगा आन् सून तोडीला जातेत. सहा महिने दोन्ही लेकरं माझ्यापाशी. शाळेत सभा आसली की मीच जाते. सहीची येळ आली की म्हणतेत, बापाला येऊ द्या. समितीत बी पालकच पायजे म्हणतेत. मंग मी कोन?’

आजी, तुम्ही पालक आहात आणि हे कायद्यात लिहिलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या दुसऱ्याच कलमात ‘पालक’ या शब्दाची व्याख्या दिली आहे : मूल ज्याच्या देखभालीत आणि ताब्यात आहे, ती व्यक्ती. समितीबद्दलचं कलम २१ सगळीकडे ‘माता-पिता किंवा पालक’ असंच बोलतं. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य यांच्यातलेच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. त्याआधी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यांच्या यादीत मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं कर्तव्य घातलं, तेही आई-वडील किंवा पालक यांच्यावरच. जिच्या चुलीवर दोन्ही वेळा लेकरांची भाकरी होते, जी त्यांना सकाळी उठवून शाळेत धाडते, रात्री ताप आला तर उशाशी बसते, तिला ‘बापाला येऊ द्या’ म्हणायला कायद्यात जागाच नाही. सभेच्या वहीवर तिचा अंगठा चालतो आणि समितीच्या निवडीत तिचं नाव पुढे करता येतं.

बाप का येत नाही, आई तरी का थांबत नाही, हे ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन वाक्यांत सांगतो. तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई लेकरांसाठी घरी राहिली की तो अर्धा कोयता होतो, त्या घराची उचलही त्याच हिशेबानं खाली येते. म्हणून दोघं जातात आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथं लेकरं त्याच्या पदरात राहतात. या गावांत वर्षातले पाच-सहा महिने शाळेचे खरे पालक म्हणजे आज्या. काही घरांत मोठी बहीण.

आजींचं पत्र वाचून मला बरं वाटलं नाही, कारण तेच वाक्य मी स्वतः बोललेलो आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझी एका द्विशिक्षकी शाळेवर बदली झाली. पट ५४. हिवाळ्यात मी मोठ्या उत्साहानं पालकसभा लावली. सोमवार, सकाळी अकरा. मुलांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या, फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहिलं. अकराला सात म्हाताऱ्या आल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. साडेअकरापर्यंत मी वाट पाहिली आणि म्हणालो, “आई-वडील कुणीच नाहीत, तर सभा कशी घ्यायची? ते आले की बघू.” काही न बोलता त्या उठल्या. एकीनं जाता जाता नातवाचं नाक पदरानं पुसलं. अहवालात मी लिहिलं, ‘पालकांचा प्रतिसाद नाही.’

आमचे मुख्याध्यापक गुरुजी रजेवरून आले. अहवाल वाचला आणि त्यांनी एवढंच विचारलं, “सात जणी आल्या होत्या ना? त्यांची नावं कुठं आहेत?” नावं मला ठाऊक नव्हती. कापूस वेचणीची रोजंदारी सोडून त्या आल्या होत्या, हेही मला गुरुजींकडूनच कळलं.

त्यानंतरची सभा गुरुजींनी लावली. पौर्णिमेला, रात्री आठला, मारुतीच्या पारावर. पौर्णिमा अशासाठी की ती कुणाला सांगावी लागत नाही आणि वाटेनं उजेड असतो. आठ अशासाठी की तोवर भाकऱ्या झालेल्या असतात. शाळेची सतरंजी आम्ही दोघांनी खांद्यावरून नेली. त्या रात्री एकोणीस आज्या आणि चार-पाच आजोबा आले. मुलं आपापल्या माणसाला चिकटून बसली.

गुरुजींनी भाषण केलं नाही. एकेका मुलाला कंदिलाजवळ बोलावलं आणि आपल्या माणसासमोर पुस्तकातलं अर्धं पान वाचायला लावलं. तिसरीतला एक मुलगा उभा राहिला आणि घडाघडा वाचून मोकळा झाला. मला अभिमान वाटला, माझ्या वर्गातला होता. त्याची आजी कंदिलाकडे सरकली, पुस्तकात वाकून पाहिलं आणि म्हणाली, “गुर्जी, ह्याचं बोट एकीकडं चाललंय आन् तोंड एकीकडं.”

मी पान उलटलं, मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथून वाच. मुलगा गप्प झाला. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हतं. महिनाभर मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करत होतो. जिला एक अक्षर येत नव्हतं, तिनं ते एका नजरेत ओळखलं, कारण तिचं लक्ष पुस्तकाकडे नव्हतं, नातवाकडे होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात भाकरी थापताना आजी म्हणायची, “बोट ठिव आन् वाच.” वर्गात मी त्याला पुन्हा अक्षरांपासून घेतलं. संक्रांतीपर्यंत तो फक्त जोडाक्षरांना अडत होता. शाळेनं आणि घरानं मिळून एक मूल वाचतं केलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. आजवर लिहीत आलो ते त्याच कंदिलाच्या उजेडातलं आहे.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. ‘घरी अभ्यास घ्या’ हे वाक्य सोडून द्या. ज्याला अक्षर येत नाही, त्याला ते वाक्य लाज आणतं आणि लाज वाटलेला माणूस पुढच्या सभेला येत नाही. त्याऐवजी ‘रोज थोडा वेळ ऐका’ म्हणा. ऐकायला शिक्षण लागत नाही. वाचताना बोट आणि तोंड बरोबर चालतंय का, ते बघता येतं. वाचलेलं आपल्या बोलीत सांग म्हणता येतं. वहीत आठवडाभर नवीन पान उलटलं की नाही, हे दिसतं. पोर शाळेला आपणहून निघतं की ओढून न्यावं लागतं, हे तर घरच्यांइतकं कुणालाच कळत नाही. २०२२ पासून आपल्या राज्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि गल्लीगल्लीत पाच-सहा आयांचे माता गट बनतात. भाज्या निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाशी काय बोलायचं, हे त्या एकमेकींना दाखवतात. तिथेही आईचं शिक्षण कुणी विचारत नाही. हंगामाच्या गावांत या गटांमध्ये आज्यांना बसवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पालकांना शाळेकडे आणायचं कसं, हा पेच आपल्याकडे जुना आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. एखाद्या मजुराच्या घरी तेव्हा रुपया ही मोठी रक्कम होती. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यासाठी शाळेचं दार बंद होतं, त्या घरांना खडबडून जागं करायला तो दंड हवा होता. राजानं तिजोरी उघडली आणि मग बापाला जाब विचारला, हा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघी पालकांना दोष देत बसल्या नाहीत. मूल का येत नाही, ते त्यांनी पाहिलं. ते बालवाडीपर्यंत पोचत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली, ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आपल्याला मिळाला. मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर कुरणात शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असतं म्हणून ती येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी केली. घराची अडचण हा त्यांच्या वेळापत्रकाचा पाया होता. आमच्या गुरुजींनी पौर्णिमेची रात्र निवडली, ती याच रीतीनं.

आता सभेत बोलायचं काय? कलम २४ नं शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. पालकांशी नियमित सभा घेणं हे त्यांतलं एक. सभेत काय सांगायचं तेही दिलंय : मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि त्याची प्रगती. मी पाहिलेल्या बहुतेक सभा मात्र वर्गणीत संपतात. रंगरंगोटीला किती, कुंपणाला किती, टीव्हीला किती. लोकवर्गणीचा मला आदर आहे. अनेक गावांनी घासातला घास काढून शाळा उभ्या केल्यात. पण सभा म्हटलं की पैसे, असं एकदा मनात बसलं की गरीब घर वाट बदलतं. सभेचा पहिला अर्धा तास फक्त मुलांचा ठेवा आणि त्या वेळात पैशाचा शब्द काढू नका.

शिक्षकांची बाजूही मला तितकीच ठाऊक आहे. पहिली ते पाचवी ६० मुलांपर्यंत कायदा दोन शिक्षक देतो. त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की पाच वर्ग एकाच्या गळ्यात. तीस किलोमीटरवरून येणाऱ्या बाईंनी रात्री आठची सभा कशी घ्यायची? गावानं इथं पुढे यावं. सभा दोन महिन्यांतून एकदा ठेवा, तारीख आधी ठरवा. बाईंच्या मुक्कामाची किंवा परतीच्या सोबतीची जबाबदारी समितीनं घ्यावी. जागा रिकामी असेल तर समितीनं ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि पाठपुरावा सोडू नये. गाव आपल्या मागे उभं आहे, हे दिसलं की शिक्षकाच्या पायाला बळ येतं. हे मी अनुभवानं सांगतो.

आणि टोळ्या निघायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात, करायच्या गोष्टी. मुलं मागे राहणार असतील, तर आई-वडिलांनी निघण्यापूर्वी आजीला घेऊन शाळेत जावं आणि ‘आम्ही परत येईपर्यंत पालक ही’ असं लिहून द्यावं. मुकादमाचा नको, स्वतःचा चालू फोन नंबर द्यावा. शिक्षकांनी पंधरा दिवसांतून एकदा मुलाला त्या नंबरवर चार ओळी वाचून दाखवायला लावाव्यात. तोडीच्या मुक्कामी, थळातल्या कोपीपुढे बसून लेकराचा आवाज ऐकणारी आईही त्या वेळी पालकसभेतच बसलेली असते. हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल, तर त्याच्या यादीत नाव आहे का, हे समितीला विचारावं. मुलं सोबत जाणार असतील, तर शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय गाव सोडू नये. कारखान्याच्या जवळची शाळा दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, हे कलम ५ मध्ये आहे.

आजी, पुढच्या सभेला हा अंक सोबत न्या. नातवाला कलम २ आणि कलम २१ चा मजकूर मोठ्यानं वाचायला सांगा. वाचताना त्याच्या बोटाकडे लक्ष असू द्या. मग वही पुढे ओढा आणि अंगठा करा. समितीची निवड आली की तुमचं नाव सुचवायला शेजारणीला आधीच सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पासबुक. त्यावर कुणाच्या सह्या चालतात आणि इतिवृत्ताची वही गावातल्या कुणालाही पाहता येते का, हे दोन प्रश्न तोवर आपापल्या शाळेत विचारून ठेवा.