जुना फोटो पाहिला की सगळं कसं आठवतं? फोटो आठवण जपतो की बदलतो?

फॅमिली ग्रुपवर कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोटो टाकतं आणि एरवी फक्त ‘शुभ सकाळ’वर चालणारा ग्रुप दिवसभर वाजत राहतो. कोपऱ्यात रडणारं पोरगं कोणाचं, मांडव कोणाच्या दारात होता, बुंदी कमी पडल्यावर कोण रुसलं होतं... यातलं निम्मं फोटोत दिसतही नसतं. तरी ते आठवतं.

असं का होतं? फोटोत आठवण साठवलेली असते का? आणि एआयने जुने फोटो ‘नवे’ करून घेण्याची जी लाट आलीय, तिचा या सगळ्याशी काय संबंध? सविस्तर समजून घेऊ.

फोटो पाहिल्यावर डोक्यात काय होतं?

आपला मेंदू मोबाईलच्या गॅलरीसारखा चालत नाही. एखादा प्रसंग तिथे अख्ख्या व्हिडिओसारखा सेव्ह नसतो. दिसलेलं, ऐकलेलं, वास, त्या वेळी वाटलेली भीती किंवा आनंद हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असतं. हे तुकडे एकमेकांशी जोडण्याचं महत्त्वाचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग करतो.

एखादा धागा हाती लागला की त्याला जोडलेले बाकीचे तुकडे ओढले जातात. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी 1973 मध्ये मांडलं की, प्रसंग मनात बसताना सोबत जे होतं तेच पुन्हा समोर आलं, तर आठवायला सोपं जातं. फोटो हा असाच धागा. लुगड्याचा रंग दिसतो, त्यावरून ओसरी आठवते, ओसरीवरून चुलीचा धूर आठवतो.

म्हणजे फोटोत असते ती फक्त खूण. आठवण असते बघणाऱ्याच्या डोक्यात. पुढचं सगळं समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात ठेवा.

चारठाण्यासारख्या गावात फोटो किती?

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे. जुनी मंदिरं आणि उंच कोरीव दगडी स्तंभ ही त्याची ओळख. आज तिथे जाणारा प्रत्येक जण त्या स्तंभासमोर फोटो काढतो. पण याच भागातल्या घरांमध्ये पन्नास वर्षांपूर्वीचे फोटो शोधायला गेलात, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतील.

1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात फोटोग्राफी लवकर आली. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचं काम तर जगभर नावाजलं गेलं. पण त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले ते नवाब, सरदार, इंग्रज अधिकारी आणि पैसेवाले लोक. शेतकऱ्याच्या घरात फोटो आला तो फार उशिरा. कोणाचा लग्नात, कोणाचा जत्रेतल्या रंगीत पडद्यासमोर, कोणाचा तालुक्याच्या स्टुडिओत.

कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो सरकारी कामासाठी. मतदार ओळखपत्रावर फोटो यायला लागला 1993 नंतर. आधार कार्डाची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली.

मराठवाड्यातल्या गावांत फिरलात तर भिंतीवर हार घातलेले कितीतरी फोटो असे दिसतील, जे आधार किंवा मतदान कार्डावरून मोठे करून घेतलेले आहेत. माणूस गेला की दहाव्याच्या आत फोटो पाहिजे असतो. मग कार्ड घेऊन कोणीतरी स्टुडिओत जातं, फोटोवाला मागचा पडदा निळा करतो, अंगावर कोट किंवा नवी साडी चढवतो आणि फ्रेम तयार होते.

एकच फोटो असला तर काय होतं?

कार्डावरचा चेहरा कसा असतो, आपल्याला माहीत आहे. ‘हलू नका, इकडे बघा’ म्हटल्यावर घाबरलेला. आयुष्यभर हसून बोलणारी आज्जी त्यात रागावलेली दिसते.

सुरुवातीला घरच्यांना फरक पडत नाही, कारण त्यांना खरी आज्जी आठवत असते. पण दहा-पंधरा वर्षांनी भिंतीवरचा चेहरा रोज दिसतो आणि खरा चेहरा दिसत नाही. आठवण आपण जितक्या वेळा काढतो, तितक्या वेळा ती नव्याने जुळवली जाते आणि त्यात समोर असलेली गोष्ट मिसळते. हळूहळू आज्जी म्हटलं की कार्डावरचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. तिला न पाहिलेल्या नातवंडांसाठी तर तीच आज्जी असते.

फोटो खोटी आठवणही तयार करू शकतो

2002 मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधक किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. 20 जणांच्या घरून त्यांचे लहानपणीचे फोटो मागवले. त्यातल्या एका फोटोत फेरफार करून, ती व्यक्ती लहानपणी हॉट एअर बलूनमध्ये बसली होती असं दाखवलं. प्रत्यक्षात असं काही घडलंच नव्हतं. तरी तीन मुलाखतींनंतर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. काहींनी तर बारीकसारीक तपशीलही सांगितले.

हा प्रयोग आज जास्त महत्त्वाचा आहे. कारण तेव्हा फोटो बदलायला तज्ज्ञ लागायचा, आज एक ॲप पुरतं. पुसट फोटो एआयला दिला की तो स्पष्ट करून मिळतो. पण जिथे फोटोत माहितीच नाही, तिथे एआय अंदाजाने भरतो. नाकाची ठेवण, डोळ्यांतली चमक, दात हे सगळं इतर हजारो चेहऱ्यांवरून बेतलेलं असतं. आज्जीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं जाऊ शकतं. लुगड्याचा रंगही अंदाजपंचे ठरतो.

घरात दुसरा फोटो असेल तर चूक लगेच कळते. एकच असेल, तर एआयने बनवलेला चेहराच पुढे खरा ठरतो. म्हणून एआयने केलेला फोटो लावायला हरकत नाही, पण मूळ फोटो फेकू नका.

आता तर हजारो फोटो आहेत, मग काय अडचण?

आपली अडचण उलटी आहे. 2014 मध्ये अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. गंमत म्हणजे ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला होता, ती मात्र चांगली आठवली. कारण तिथे लक्ष द्यावं लागलं होतं.

2017 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त आठवलं, पण कानावर पडलेलं कमी. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. लक्ष कुठे होतं, यावर सगळं ठरतं. बारशाचे चारशे फोटो काढून ते पुन्हा कधी उघडलेच नाहीत, तर ते खूण म्हणून कामाला येत नाहीत.

नाव लिहिलेल्या फोटोचं काय होतं?

10 ऑक्टोबर 1885 चा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. जवळपास 140 वर्षांनीही आपल्याला तिघी कोण हे सांगता येतं, कारण त्या फोटोवर प्रत्येकीचं नाव आणि ठिकाण लिहिलेलं आहे.

आता घरातला जुना ग्रुप फोटो काढून मागे बघा. बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. ओळखणारं माणूस घरात आहे, तोवर ठीक. ते गेलं की फोटोतली माणसं अनोळखी होतात. चारठाण्याच्या स्तंभावरचं कोरीवकाम शेकडो वर्षं टिकलं, पण ते कोरणाऱ्या हातांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. घरातल्या फोटोचं असं व्हायला एक पिढी पुरते.

मुंबईच्या अनुषा यादव यांनी 2010 मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ याच विचारावर उभा आहे. तिथे भारतातल्या कुटुंबांचे जुने फोटो आहेत, पण नुसते नाहीत. प्रत्येक फोटोसोबत घरच्याच माणसाने सांगितलेली गोष्ट आहे.

मग आपण काय करायचं?

▪️ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर अल्बम उघडा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘हे कोण?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ हेही विचारा.

▪️ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटते आणि दाब दिल्याने वळ पडतात.

▪️ फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा सावलीत, चमक न येईल असा फोटो काढून घ्या.

▪️ आधी रंगीत प्रिंट वाचवा. त्यातले रंग उजेडाने आणि उष्णतेने उडतात. नीट धुतलेली कृष्णधवल प्रिंट चांदीच्या कणांची असल्यामुळे सहसा जास्त टिकते.

▪️ स्कॅन 600 डीपीआयवर करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फाईल लहान होते आणि बारकावे जातात. एक प्रत मोबाईलबाहेर ठेवा.

▪️ आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे फोटो काढा. कार्डासाठी काढतात तसे नको. भाकरी थापताना, गोठ्यात, पारावर गप्पा मारताना, हसताना काढा. एकाच्या जागी दहा खुणा राहिल्या, तर कोणताही एक चेहरा बाकीची आठवण गिळून टाकत नाही.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात आधी करा. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही होईल. नावं सांगणारं माणूस तेव्हा असेलच, याची खात्री नाही.

तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या फोटोत कोण आहे? सगळ्यांची नावं सांगता येतात का, बघा.