खाड्याची भरपाई

२९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या एका हॉटेलात काही क्लब जमले आणि त्यांनी प्रस्थापित रग्बी युनियनशी फारकत घेतली. वाद खाड्याचा होता. शनिवारीही खाणीत वा गिरणीत राबणाऱ्या खेळाडूला सामन्यापायी बुडालेली मजुरी, दिवसाला सहा शिलिंग, मिळावी एवढेच मागणे. पण खेळाला पैशाचा विटाळ नको म्हणणाऱ्या सुखवस्तूंना तेही सोसवले नाही. (त्यांचा खाडा कोण मांडणार होता?) या फारकतीतूनच रग्बी लीग जन्मली.

या खेळात तारे थोडे, राबणारे फार. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, सामोआकडून खेळलेला मोझे मासोए हा त्या राबणाऱ्यांपैकी. सिडनी, पेनरिथ, सेंट हेलेन्स, हल अशी त्याची बिऱ्हाडे बदलत गेली. त्याची जागा प्रॉपची; म्हणजे चेंडू उराशी धरून प्रतिपक्षाच्या भिंतीवर पुनःपुन्हा धडकायचे. अशांच्या नावावर गुण थोडे लागतात, मुका मार मात्र भरपूर. २०१४ साली सेंट हेलेन्स अजिंक्य ठरले, तेव्हा तो त्या संघात होता.

जानेवारी २०२० मध्ये, हंगामापूर्वीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात, त्याच्या मज्जारज्जूला गंभीर इजा झाली आणि तिशीतच त्याचा खेळ संपला. एका दिवसाच्या खाड्याचा हिशेब या खेळाने जन्मतःच मांडला होता. उरलेल्या आयुष्याच्या खाड्याचा हिशेब कोणत्याही सहा शिलिंगांत बसणारा नव्हता. मासोएच्या कुटुंबासाठी अखेर प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनी वर्गणी काढली. पुन्हा चालणे कठीण मानलेला तो गडी पुढे आधार घेत पावले टाकू लागला.