मालमोटारीतील इंधनपुरवठा दोष

मालमोटारीतील इंधनपुरवठा दोष : डीझेल एंजिनास योग्य वेळी, प्रमाणात व दाबाने इंधन न मिळाल्याने उद्‌भवणारे दोष. जुन्या मालमोटारींत टाकीतील डीझेल भरण पंप ओढून घेतो व गाळण्यांतून यांत्रिक अंतःक्षेपण पंपाकडे ढकलतो. तेथून ते उच्च दाबाने अंतःक्षेपकांत (नोझलांत) जाते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीने (२००८ पासून बॉश लिमिटेड) असे अंतःक्षेपण पंप भारतात बनविले.

एंजिन बंद पडताच पंप उतरविण्याकडे कल असतो. तो बहुधा अनाठायी होय. पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांतील फट काही मायक्रॉनच असते. तो रस्त्याकडेला उघडल्यास धूळ शिरते, व पुन्हा बसविल्यावर चाचणी-यंत्रावर जुळणी करावी लागते. त्यामुळे तपासणी टाकीपासून सुरू करावी.

टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास आत निर्वात निर्माण होऊन एंजिन काही अंतरावर बंद पडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो व एंजिन पुन्हा सुरू होते. सोलापूर जिल्ह्यात ऊसवाहतूक करणाऱ्या जुन्या मालमोटारी पावसाळ्यात उभ्या राहिल्यास अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्प साचून पाणी होते. म्हणून गाळप हंगामाच्या आरंभी टाकीचा तळ व गाळणीची वाटी रिकामी करणे इष्ट असते.

सर्वांत फसवा दोष म्हणजे टाकी ते भरण पंप या भागात शिरणारी हवा. चालक यास ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. एंजिन चालू असता येथे दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने डीझेल बाहेर न गळता हवाच आत ओढली जाते. साहजिकच नळी कोरडी दिसते. गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबेनात, तर तांब्याचे वायसर व रबरी नळी तपासावी. भरण पंपाला वेगळ्या डब्यातून स्वच्छ डीझेल दिल्यावर एंजिन सुरळीत चालले, तर दोष टाकीच्या बाजूस आहे हे निश्चित होते.

एंजिन अडखळत असल्यास मंद गतीवर एकेका अंतःक्षेपकाच्या नळीचे नट किंचित सैल करतात. गती घटली, तर तो सिलिंडर काम करीत होता. न घटल्यास अंतःक्षेपक, पंपाचा तो दट्ट्या वा संपीडन यांत दोष असतो. फवारा त्वचेतून आत घुसू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान ४०° से. पलीकडे जाते. तापलेले डीझेल पातळ होऊन झिजलेल्या दट्ट्याभोवतून निसटते. परिणामी सकाळी सहज सुरू होणारे एंजिन दुपारी सुरू होत नाही. ओल्या फडक्याने पंप थंड केल्यावर ते सुरू झाले, तर पंपाची झीज झाली असे समजावे. तापलेल्या पंपावर एकदम थंड पाणी ओतू नये. दट्ट्या अडकण्याचा धोका असतो.

सामायिक दाबनळी (कॉमन रेल) असलेल्या नव्या मालमोटारींत दाब १,००० बारहून अधिक असतो. त्यांत चालत्या एंजिनावर नट सैल करणे अत्यंत धोकादायक असते.