कांडी आणि चष्म्याचा नंबर

भाचीला या जूनमध्ये चष्मा लागला. दुकानातल्या उंच स्टुलावर ती बसली होती, नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम, आणि समोरचे गृहस्थ एकेक काच सरकवत विचारत होते, ‘आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?’ शेवटी उणे सव्वा नंबर ठरला. फ्रेम निवडायची वेळ आली तेव्हा तिने थेट काळी गोल उचलली. का, ते विचारायची गरज नव्हती. घरी येताना रिक्षात मात्र तिने विचारलं, ‘मामा, हॅरीचा चष्मा मोडला की कांडीने जुळतो. मग तो डोळेच का नाही नीट करून घेत?’

‘मग तो हॅरी वाटला नसता,’ असं सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. मग पावसाळाभर कपाटातली अद्भुतकथांची पुस्तकं पुन्हा काढली आणि या एकाच प्रश्नासाठी चाळली.

हॉगवर्ट्सचा दवाखाना

सुरुवात अर्थातच जे. के. रोलिंग यांच्यापासून. 1997 साली हॅरी पॉटर पहिल्यांदा वाचकांसमोर आला तो चिकटपट्टी लावलेल्या चष्म्यासह. मावसभाऊ नाकावर ठोसे मारून तो वारंवार मोडायचा. दुसऱ्या पुस्तकात वीझली काका हा चष्मा कांडीने सांधतात. तिसऱ्यात भर पावसात सामना चालू असताना हॅरीची मैत्रीण हर्मायनी काचांवर पाणी ठरू नये असा मंत्र घालते. काचा साफ होतात, डोळे होते तसेच राहतात.

बरं, तिथे वैद्यक कच्चं आहे म्हणावं तर तसंही नाही. शाळेच्या दवाखान्यात मॅडम पॉम्फ्री मोडलेलं हाड चुटकीसरशी जोडतात. लॉकहार्ट या शिक्षकाच्या अगोचरपणामुळे हॅरीच्या हातातली सगळी हाडंच नाहीशी होतात, तेव्हा एका घाणेरड्या काढ्यावर ती रातोरात पुन्हा उगवतात. रात्रभर ठणका लागतो तेवढाच. सर्दीवरही काढा आहे, तो घेतला की कानांतून तासन् तास वाफ निघते.

यातून एक अंदाज बांधता येतो. हाड आपोआप जुळतं, सर्दी आपोआप जाते; जादू फक्त निसर्गाची घाई करते. दूरचं अंधुक दिसणं मात्र बहुतेकदा बुबुळामागचा डोळा लांबट वाढल्यामुळे असतं. प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. ही जखम नाही की ताप नाही, शरीराचं माप आहे. जे आपोआप बरं व्हायचंच नाही, तिथे घाई कशाची करणार?

अंदाज चांगला आहे, पण चौथ्या पुस्तकात तो कोसळतो. मॅल्फॉयच्या मंत्राने हर्मायनीचे दात हनुवटीखाली वाढतात. दवाखान्यात ते आखूड करून घेताना ती ‘पुरे’ म्हणत नाही, आणि तिचे जन्माचे पुढे आलेले दात कायमचे बेताचे होतात. तिचे आईवडील दंतवैद्य, तारेवर विश्वास असलेले. त्यांना हे रुचणार नाही हे तिला ठाऊक असतं. म्हणजे शरीराचं माप कांडीने बदलतं. तरीही डम्बलडोर अर्धचंद्री काचांवरून बघतात, मॅक्गोनॅगल बाईंचा चौकोनी चष्मा जागचा हलत नाही.

तेव्हा अडचण जादूची नाही, लेखिकेच्या मर्जीची आहे. रोलिंग स्वतः लहानपणी चष्मा लावत. पुस्तकातलं चष्मेवालं पोर नेहमी हुशारच असतं, नायक कधीच नसतं, याचा त्यांना कंटाळा आला होता, हे त्यांनी सांगितलेलं आहे. आपल्याकडे शाळेत ‘ढापण्या’ ही हाक ऐकलेल्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको.

न भरणारी जखम

थोडं मागे गेलं की हाच प्रश्न गंभीर होतो. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (1954-55) फ्रोडोला 6 ऑक्टोबरला शापित सुऱ्याचा वार बसतो. अ‍ॅरागॉर्न रानातला एक दुर्लक्षित पाला आणून जखम शेकतो, एलरॉण्ड आत रुतलेला तुकडा काढतो. जगातले सर्वोत्तम वैद्य झाले. पुढल्या वर्षी त्याच तारखेला खांदा पुन्हा दुखतो, त्याच्याही पुढल्या वर्षी पुन्हा. शेवटी फ्रोडोला गाव सोडून समुद्रापार जावं लागतं. टॉल्किन 1916 साली सॉमच्या रणभूमीवर होते आणि खंदकतापाने आजारी होऊन मायदेशी परतले होते. तारखेला उठणारी कळ त्यांना कल्पनेतून शोधावी लागली नसणार.

उर्सुला ले ग्विन यांनी तर उपचाराची सीमा आखूनच दिली. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (1968) तरुण जादूगार गेड नावा बांधणाऱ्या मित्राच्या तापलेल्या पोराला वाचवायला जातो. गुरूंची शिकवण अशी की जखम भर, रोग बरा कर, पण निघालेल्या जिवाला जाऊ दे. गेड त्या जिवामागे धावतो. पोर जातंच, गेडही जेमतेम परततो. बावीस वर्षांनी ‘तेहानू’मध्ये त्यांनी आगीत अर्धा चेहरा आणि एक डोळा गमावलेली पोर आणली. तिच्या भाजलेल्या कातडीवर कुणाचाच मंत्र चालत नाही. तिला सांभाळणारी टेनार तिला न्हाऊ घालते, कपडे शिवून देते, शेजारी झोपवते. त्या पुस्तकातला उपचार तेवढाच.

मोबदल्याचा हिशेब

दुसरी परंपरा देवाणघेवाणीची. उत्तर युरोपातला ओडिन शहाणपणाच्या एका घोटासाठी मिमिरच्या विहिरीपाशी डोळा ठेवून येतो. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणलेल्या त्या कथासागरात आंधळा बाबा अब्दुल्ला भेटतो. फकिराचं अंजन डाव्या डोळ्याला लावलं की जमिनीतलं धन दिसतं. ऐंशी उंटांवर लादलेली संपत्ती हाती असूनही हा गडी उजव्या डोळ्यालाही लावायला लावतो, आणि दोन्ही डोळे जातात.

जपानमध्ये हिरोमू अराकावा यांनी ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या चित्रमालिकेत (2001-2010) हा हिशेब चोख मांडला: घ्याल तेवढं द्यावं लागेल. तिथे रॉय मस्टँग या सेनाधिकाऱ्याची दृष्टी जाते. ती परत येऊ शकते, पण ज्या परिसाने येईल तो माणसांच्या जिवांचा बनलेला आहे, आणि ती माणसं त्याच्याच सैन्याने मारलेल्या जमातीची. त्या जमातीचा उद्ध्वस्त प्रदेश उभा करण्याच्या अटीवर तो परीस स्वीकारतो. डोळे बरे होण्याचा इतका अवघडून टाकणारा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

अश्विनीकुमारांची ओपीडी

जादूने डोळे बरे होत नाहीत, ही तक्रार करायला आपल्याकडे जागाच नाही. ऋग्वेदातले अश्विनीकुमार म्हणजे चालतं इस्पितळ. विश्पलेला लोखंडी पाय त्यांनी बसवला. लांडगीला शंभर मेंढ्या खाऊ घातल्या म्हणून बापाने आंधळं केलेल्या ऋज्राश्वाला त्यांनीच डोळे दिले. महाभारताच्या आदिपर्वातला उपमन्यू भुकेने रुईची पानं खाऊन आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. (रुईचा चीक डोळ्याला वाईट, हे आजही गावात पोरांना बजावतात.) अश्विनीकुमार त्याला खायला अपूप (पुवा) देतात, गुरूला दिल्याशिवाय तो खात नाही. ते खूश होऊन दृष्टी देतात, वर सोन्याचे दात! पण या वैद्यद्वयाला देवांच्या पंगतीत सोमरस नव्हता. माणसांत मिसळून औषधं देत फिरतात, हाच इंद्राचा आक्षेप. च्यवनऋषी भांडले तेव्हा कुठे त्यांना वाटा मिळाला.

आणि धृतराष्ट्र? युद्धाच्या तोंडावर व्यास त्याला दृष्टी देऊ करतात. तो नको म्हणतो. कुळाचा संहार पाहायचा नाही, ऐकेन फक्त. ती दिव्यदृष्टी मग संजयाकडे जाते. जादू दाराशी आली आणि रोग्यानेच परत पाठवली, असं हे उदाहरण.

चष्मा उतरतो तेव्हा

अलीकडच्या लेखकांनी भाचीचा प्रश्न ऐकला असावा. 2002 च्या ‘स्पायडर-मॅन’ चित्रपटात कोळी चावल्याच्या दुसऱ्या सकाळी पीटर चष्मा लावतो तर सगळं धूसर. काढला की लख्ख. एका दृश्यात विषय संपतो. ब्रँडन सँडरसन जास्त विचार करतात. त्यांच्या कादंबऱ्यांत अंगी भिनलेला वादळप्रकाश जखमा भरतो, पण माणूस स्वतःला जसा समजतो त्याच मापाने. म्हणून कॅलाडिन या नायकाच्या कपाळावरचे गुलामीचे डाग जाता जात नाहीत. ‘वर्ड्स ऑफ रेडिअन्स’मध्ये (2014) रेनारिन या बुजऱ्या राजपुत्राचे डोळे मात्र बरे होतात. तो कुणाला सांगत नाही आणि चष्मा लावतच राहतो.

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत असं झालं. कथेतली जादू कुणीतरी केलेलं पुसायला धावते: वार, विष, शाप. शापाला उःशाप असतो. उणे सव्वा नंबर कुणी दिलेला नसतो, तर त्याचा उःशाप कुणाकडे मागायचा? अशा उण्यावर जादू चालवायची तर लेखकाला त्यातून गोष्ट काढावी लागते, उपमन्यूसारखी परीक्षा किंवा मस्टँगसारखा डाग. नुसतेच बरे झालेले डोळे कथेच्या कामाचे नसतात. उलट मोडका चष्मा सात पुस्तकं पुरतो.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. वनपर्वात यमाच्या मागे चालणाऱ्या सावित्रीने पहिला वर मागितला तो सासऱ्याच्या डोळ्यांचा. यमाने घासाघीस न करता दिला. तिकडे आश्रमात द्युमत्सेनाला एकाएकी दिसू लागलं, आणि मुलगा घरी नाही हे कळून तो म्हातारा बायकोला घेऊन आश्रमामागून आश्रम पालथे घालत सुटला. दर्भाने आणि काट्यांनी दोघांचे पाय रक्ताळले. माझ्या आईने चाळीसएक वर्षं वटपौर्णिमा केली. सत्यवानाचे प्राण कसे परत आले ते ती झोपेतही सांगेल. द्युमत्सेनाला डोळे आले होते, हे तिला मी या पावसाळ्यात सांगेपर्यंत आठवत नव्हतं.