‘बापही उशिराच चालला होता’

मूल आधाराशिवाय चालू लागण्याचं वय बरंच पुढेमागे असतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हा पल्ला सुमारे ८ ते साडेसतरा महिने आढळला. सरासरी १२ महिने. पहिल्या वाढदिवसाला बाळ चालत नाही म्हणून घरात सुतकी चेहरे करण्याचं कारण नाही.

जास्त नुकसान करतो तो याच्या उलटा समज: ‘बापही उशिराच चालला होता, येईल आपोआप.’ घराण्याचा दाखला काही वेळा खरा निघतो, म्हणूनच तो पटतो. पण १८ महिने भरूनही मूल एकटं चालत नसेल तर तपासणी हवीच. बाप कधी चालला हे डॉक्टर विचारतीलच. (दोन महिने आधी जन्मलेलं मूल १८ महिन्यांचं झालं, तरी या हिशेबात ते १६ महिन्यांचं धरतात.)

काही खुणा दिसल्यावर तर १८ महिन्यांचीही वाट पाहायची नसते. नऊ-दहा महिन्यांचं होऊनही न बसणं, रांगताना एक पाय ओढणं, लंगोट बांधताना मांड्या ताठ होऊन पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं. वर्षाच्या आतलं मूल एकाच हाताने वस्तू घेतं आणि दुसरी मूठ मिटलेलीच ठेवतं, तेव्हा ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होतं. ती सेरेब्रल पाल्सीची खूण असू शकते. जन्मतः निसटलेला खुबा पहिल्या काही महिन्यांत सापडला तर बहुधा पट्ट्यांवर भागतं. चालू लागल्यावर सापडला तर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. उभं राहणारं मूल उभं राहायचंच थांबलं, तर लगेच दवाखाना गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात, विकासातला उशीरही पाहतात. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलाची एक फेरी सहज हुकते. अशा वेळी आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना आपणहून सांगावं, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं.

बाकीचे समज किरकोळ. न रांगता थेट चालणारी निरोगी मुलंही असतात. लवकर उभं राहिल्याने पाय वाकडे होत नाहीत. दोन वर्षांपर्यंत थोडा बाक नैसर्गिकच असतो. तेलमालिशीने चालणं लवकर येत नाही. आणि चाकांच्या बैठ्या वॉकरने मूल लवकर चालत नाही, उंबऱ्यावरून आपटतं मात्र. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. उभं राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण तिथेही कुणीतरी जवळ हवं.