दुचाकीवरून गावी जाताना: सामानाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाद्रपद जवळ आला की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या चाकरमान्यांची गावी जायची घाई सुरू होते. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, एसटीच्या जादा गाड्याही भरून जातात, आणि मग कितीतरी जोडपी शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलवर सामान बांधून कोकणच्या वाटेला लागतात. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा ताम्हिणी, आंबा, आंबोलीच्या घाटांत त्या दिवसांत अशा गाड्यांची रांगच दिसते. वरून पाऊस, खाली खड्डे, मागे घरची माणसं आणि सामान.

या प्रवासाची तयारी म्हणजे काय काय न्यायचं याची यादी, असं आपण धरून चालतो. पण गाडीला किती झेपतं हा प्रश्न यादीच्या आधीचा आहे. चारचाकीच्या डिकीतली पिशवी ही नुसती पिशवी असते. दुचाकीवर बांधलेली पिशवी गाडीच्या तोलाचा भाग होते आणि वळणावर, ब्रेकवर, खड्ड्यात आपलं वजन दाखवते. म्हणून सामानाविषयीचे जे समज अगदी सर्रास ऐकू येतात, ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १: गाडी दणकट आहे, कितीही वजन ओढते.

वस्तुस्थिती: इंजिन वजन ओढतं, पण ते थांबवायचं काम ब्रेकचं आणि पेलायचं काम टायर-शॉकअॅब्सॉर्बरचं असतं. प्रत्येक गाडी जास्तीत जास्त किती भार घेऊ शकते याचा आकडा कंपनीने ठरवलेला असतो आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तो सहसा छापलेला असतो. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं धरलेलं असतं, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

समजा हा आकडा १३० किलो आहे. लहान गाड्यांमध्ये तो याच्या आसपास असतो. नवरा ७० किलोचा, बायको ५५ किलोची, म्हणजे १२५ झाले. दोघांची हेल्मेटं आणि रेनकोट धरले की मर्यादा जवळजवळ संपली. सामानाची पहिली पिशवी अजून उचललेलीसुद्धा नाही. याचा अर्थ प्रवासच करू नये असा नाही. दोघं जाणार असाल तर सामान मोजक्या कपड्यांपुरतं ठेवावं आणि बाकीचं एसटीच्या पार्सलने किंवा गावी निघालेल्या एखाद्या नातेवाइकाच्या गाडीतून पाठवावं, हा त्याचा खरा अर्थ.

परतीचा हिशेब तर आपण करतच नाही. येताना आई तांदूळ देते, काकू कोकम देते, कोणीतरी नारळ आणून ठेवतं. सोललेला नारळ साधारण अर्धा किलोचा धरला तरी वीस नारळ म्हणजे १० किलो. जाताना नीट असलेली गाडी येताना घाटात जड वाटते ती याचमुळे. मायेने दिलेलं नाकारणं कठीण असतं, हे खरं आहे. पण ते मागाहून पाठवायला सांगणं म्हणजे नाकारणं नव्हे.

गैरसमज २: वजन तेवढंच, मग कुठेही बांधा.

वस्तुस्थिती: तेच १० किलो कुठे ठेवले यावर गाडीचं वागणं ठरतं. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सव्वा मीटर धरू. १० किलो बरोबर मध्यावर ठेवले तर दोन्ही चाकांवर पाच-पाच किलो येतात. तेच मागच्या कॅरिअरवर, मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे बांधले, तर मागच्या चाकावर सुमारे १२.४ किलो पडतात आणि पुढचं चाक उलट २.४ किलोने हलकं होतं. मागे माणूस बसल्यामुळे पुढचा भार आधीच प्रमाणात कमी झालेला असतो, चढावर तो आणखी कमी होतो. गाडी वळते ती पुढच्या चाकाने, आणि थांबवण्याचं बहुतेक कामही पुढचाच ब्रेक करतो. ओल्या घाटात तेच चाक हलकं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

नियम तीनच आहेत. जड वस्तू खाली आणि मध्याजवळ, हलक्या वस्तू वर आणि मागे, दोन्ही बाजूंना सारखं वजन. सॅडलबॅगच्या एका कप्प्यात हत्यारं आणि पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यात टॉवेल, असं भरू नका. मागे पेटी बसवली असेल तर ती किती लिटरची आहे एवढंच न बघता ती आणि कॅरिअर किती किलो झेलतात ते बघा. मोठी पेटी म्हणजे जास्त वजनाची परवानगी नव्हे.

हँडलला पिशवी मात्र कधीच अडकवू नये. ती झुलते, हँडल ओढते, पूर्ण वळवताना टाकी आणि हँडलमध्ये अडकते, आणि पुढच्या ब्रेकच्या दांड्यावर किंवा केबलवर दाब आणू शकते.

गैरसमज ३: पाठीवर सॅक घेतली की गाडीला त्रास नाही.

वस्तुस्थिती: सॅक पाठीवर असली तरी भार गाडीवरच असतो, आणि तो सगळ्यात उंच जागी असतो. तोल सांभाळायला ते सर्वात वाईट ठिकाण. शिवाय तासाभरात खांदे भरून येतात, मान आखडते आणि लक्ष रस्त्यावरून उडतं. त्याहून मोठा धोका पडण्याचा. पाठीवर पडलो आणि सॅकमध्ये कुलूप, पाने, स्टीलचा डबा असेल, तर ती कठीण वस्तू थेट मणक्यावर आदळते. सॅक घ्यायचीच असेल तर तीत फक्त मऊ आणि हलकं सामान ठेवा आणि पट्ट्यांची लोंबती टोकं बांधून टाका.

गैरसमज ४: बंजी ताणून बांधली की सामान हलत नाही.

वस्तुस्थिती: बंजी कॉर्ड ताणली जाते म्हणूनच ती सामान एका जागी धरू शकत नाही. खड्ड्यात पिशवी उसळते, दोर ताणतो, पिशवी थोडी सरकते, आणि असं शंभरदा झालं की ती एका बाजूला लोंबायला लागते. सुटलेला दोर चेनमध्ये किंवा चाकात गेला तर मागचं चाक क्षणात अडकू शकतं. सोडताना हूक सटकला तर तो डोळ्याकडेच येतो. म्हणून चेहरा बाजूला ठेवून, एका हाताने हूक धरूनच तो काढावा.

मुख्य बांधणी न ताणणाऱ्या, बकलच्या पट्ट्यांनी करा. पट्टे गाडीच्या सांगाड्याला किंवा कॅरिअरला बांधा, इंडिकेटरच्या दांडीला नाही. बंजीचं जाळं वरून रेनकोट दाबून ठेवायला ठीक. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढून बघा, कारण कपड्यांची पिशवी प्रवासात दबते आणि पट्टे सैल होतात.

सॅडलबॅग किंवा तिची दांडी बसवताना साडीगार्ड काढून टाकायची पद्धत पडली आहे. ती जिवाशी खेळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची सोय, पाय ठेवायची सोय आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. साडीचा पदर, ओढणी किंवा ढगळ रेनकोट चाकात जाऊ नये यासाठीच ती जाळी आहे. सामानासाठी ती काढणं म्हणजे मागे बसलेल्या माणसापेक्षा पिशवीला जास्त मान देणं.

सामानाने मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हेही मागे उभं राहून बघा. पावसात मागच्या ट्रकला तुमचा दिवाच दिसायला हवा. आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही ना, ते दोघं गाडीवर बसल्यावर तपासा. भाराने गाडी दबते आणि अंतर कमी होतं.

गैरसमज ५: टायर हाताने दाबून कडक लागला की हवा बरोबर.

वस्तुस्थिती: एकट्यासाठी आणि दोघांसाठी मागच्या टायरची हवा वेगळी असते. काही लहान गाड्यांमध्ये एकट्यासाठी २८-२९ पीएसआय आणि दोघांसाठी ४० च्या आसपास, इतका फरक असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर मिळेल. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी तपासावी. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची स्प्रिंग पायऱ्यापायऱ्यांनी कडक करता येत असेल तर तीही भारानुसार करून घ्या. मागची बाजू दबली की हेडलाइटचा झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता कमी दिसतो. त्यामुळे झोतही तपासा.

गैरसमज ६: बाटलीत लिटरभर पेट्रोल जवळ असलेलं बरं.

वस्तुस्थिती: हा यादीतला सगळ्यात घातक समज आहे. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खालच्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती खाली साचते. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीचं झाकण यासाठी बनवलेलंच नसतं. उन्हात बाटली फुगते, झाकणातून वाफ गळते, आणि ही पिशवी अनेकदा तापलेल्या सायलेन्सरच्या वीतभर अंतरावर असते.

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता किंवा नेता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच. काचेचं वा चिनीमातीचं भांडं एक लिटरपेक्षा मोठं चालत नाही. प्लास्टिकची बाटली त्यात कुठेच नाही, आणि दुचाकीवर काच नेणं हा शहाणपणा नव्हे. कोकणच्या वाटेवर पेट्रोलपंप आहेत. टाकी अर्ध्यावर आली की भरून घेतली तर जास्तीचं पेट्रोल बाळगायची वेळच येत नाही.

गैरसमज ७: बॅगेला रेनकव्हर आहे, आत पाणी जाणार नाही.

वस्तुस्थिती: रेनकव्हर सरळ पडणाऱ्या पावसासाठी ठीक असतं. पळत्या गाडीवर वारा पाणी फटींत ढकलतो आणि मागच्या चाकाचा चिखल खालून उडतो. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडून बांधा, मग ती बॅगेत ठेवा. आतलं अस्तर बाहेरच्या कव्हरपेक्षा भरवशाचं. रेनकोट अंगात दोन भागांत घालायचा असावा, घोंगडीसारखा पांघरायचा नको, कारण तो वाऱ्याने फुगतो आणि चाकाकडे ओढला जातो. तो बॅगेच्या तळाशी नको, सगळ्यात वर हवा.

गैरसमज ८: वाटेत गॅरेज मिळतंच, हत्यारं कशाला?

वस्तुस्थिती: चतुर्थीच्या दिवशी गॅरेजवालाही आपल्या घरच्या गणपतीपुढेच असतो. पण म्हणून सगळं गॅरेज बांधून न्यायलाही नको. गाडीबरोबर आलेला पान्यांचा संच, प्लगपाना, एक स्पार्कप्लग, क्लच आणि अॅक्सिलरेटरची एकेक केबल, दोन फ्यूज, चिकटपट्टी, थोड्या केबल टाय आणि टॉर्च एवढं दीड-दोन किलोंत बसतं. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या दोऱ्या, टोचा आणि छोटा पंप घ्या. ट्यूबवाला असेल तर जोडीला एक नवी ट्यूब, म्हणजे पंक्चरवाल्याकडे योग्य मापाची नसली तरी अडत नाही. अलॉय व्हील म्हणजे ट्यूबलेसच, असं समजू नका. टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा.

गैरसमज ९: प्रथमोपचाराला दोन पट्ट्या पुरेत, भाजलं तर टूथपेस्ट आहेच.

वस्तुस्थिती: सायलेन्सरने पोटरी भाजणं ही दुचाकीवरची नेहमीची इजा. त्यावर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडावं, मग स्वच्छ कापडाने सैल झाकावं. प्रथमोपचाराच्या पेटीत जखमेवर दाब देता येईल असे मोठे गॉज, रुंद बँडेज, कात्री, हातमोजे आणि घरच्यांची रोजची औषधं असू द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट आणि सतत दाब देणं हाच पहिला उपाय.

रक्तगट, अॅलर्जी आणि घरच्यांचा नंबर कागदावर लिहून अंगावरच्या खिशात ठेवा. अपघातात बॅग कुठे जाईल सांगता येत नाही आणि फोन लॉक असतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीत ११२. वाटेत दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. पोलीस किंवा रुग्णालय त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

गैरसमज १०: कागदपत्रं मूळच लागतात, आणि फोन हँडलवरच हवा.

वस्तुस्थिती: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये २०१८ साली झालेल्या बदलानंतर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये दाखवता येतात. गॅलरीतला फोटो मात्र त्याच्या जागी चालत नाही. घाटात नेटवर्क नसतं, म्हणून निघण्यापूर्वीच कागदपत्रं अॅपमध्ये उघडतात ना ते बघा. फोनबद्दल सांगायचं तर इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अॅपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं. कंपन शोषणाऱ्या होल्डरशिवाय चांगला फोन तासन्‌तास हँडलवर लावू नये.

शेवटची सूचना एवढीच. सामान निघायच्या पहाटे बांधू नका. आदल्या दिवशी सगळं बांधा, दोघं बसा आणि पाच-सहा किलोमीटर फिरून या. एखादा गतिरोधक ओलांडा, एकदा जोरात ब्रेक मारून बघा, आणि मागे बसणाऱ्याला विचारा की नीट टेकता येतंय का, पाय सुटे आहेत का. गाडी डुलत असेल किंवा मागच्याला अवघडल्यासारखं होत असेल, तर एक पिशवी तिथेच उतरवा. ती उद्या कशानेही गावी पोचेल. तुम्ही दोघं मात्र याच गाडीवरून जाणार आहात, आणि घरी वाट बघणाऱ्यांना तुम्ही हवे आहात.