गोळी कमी केली आणि रात्रीच्या फेऱ्या वाढल्या

झोपेची गोळी सोडायला निघालेल्या माणसाची दोन-चार रात्री जागून काढायची तयारी असते. त्या रात्रींत चार-चारदा लघवीला उठावं लागेल, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगितलेलं नसतं. मग ‘शुगर तर नाही ना?’ आणि पुरुष असेल तर ‘प्रोस्टेट?’ अशा शंका डोकं वर काढतात. मागच्या आठवड्यात अर्धी केलेली गोळी सगळ्यात शेवटी आठवते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटाची औषधं. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि या गोळ्या तो ब्रेक आणखी दाबून धरतात. महिनोन्‌महिने आयता आधार मिळाला की मेंदू स्वतःचा जोर कमी करतो. गोळी घटवल्यावर ब्रेक सैल पडतो, छाती धडधडते, घाम येतो, झोप सशाची होते. लघवी कधी रोखायची आणि कधी सोडायची हे ठरवणाऱ्या मज्जामार्गांतही गाबाचा वाटा असतो. त्यामुळे थोड्याशा भरलेल्या मूत्राशयाचीही मोठी घाई जाणवू शकते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात या गोळ्या सोडवणारं क्लिनिक चालवलं. त्यांच्या मार्गदर्शिकेतल्या लक्षणांच्या यादीत लघवीच्या तक्रारीही आहेत. तरी प्रत्येक फेरीचं खापर गोळीवर फोडणं घाईचं ठरतं. पुष्कळदा लघवीने जाग येतच नाही. जाग आधी येते आणि आलीच आहे म्हणून माणूस उठतो.

यातलं नेमकं काय घडतंय, ते प्लास्टिकच्या मापाच्या मगाने कळू शकतं. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायची, वेळेसह वहीत लिहायची. समजा, रात्रीच्या नोंदी अशा निघाल्या: साडेबाराला १२० मिली, दोनला ९०, पावणेचारला १३०. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ३०० ते ५०० मिली सहज मावते. म्हणजे इथे लघवी जास्त तयार होत नाहीये. झोप कच्ची आहे किंवा मूत्राशय चिडलेलं आहे. गोळी घटवताना हे चित्र दिसलं, तर संशय गोळीवर घ्यायला जागा आहे. पण दर खेपेला ४०० मिली भरत असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा: मधुमेह, संध्याकाळी पायांवर येणारी सूज, घोरताना श्वास अडकणं, रक्तदाबासाठी घेतलेली लघवीची गोळी. पासष्टी ओलांडलेल्यांत चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्री होत असेल, तर डॉक्टर त्याला रात्रीची अतिलघवी म्हणतात.

उपाय साधेच आहेत. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी बेताने प्यायचं. दिवसाचं पाणी मात्र तोडायचं नाही, कारण दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. (चारचा चहा सोडणं अनेकांना गोळी सोडण्याहून जड जातं, हा भाग वेगळा.) पायांवर सूज येत असेल, तर संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं, साचलेलं पाणी झोपेआधीच निघून जातं. बद्धकोष्ठ मूत्राशयावर दाब आणतं, तेही सांभाळायला हवं.

खरी भीती पडण्याची. गोळीची गुंगी, वय, अंधार आणि ओली फरशी असा सगळा योग जुळतो. उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसायचं, वाटेत मंद दिवा ठेवायचा. संडास घराबाहेर किंवा चाळीच्या टोकाला असेल, तर मेडिकलमध्ये मिळणारं लघवीचं भांडं खाटेशी ठेवण्यात कसली आलीय लाज?

जळजळ, ताप, लघवीतून रक्त, लघवी तुंबणं किंवा खूप तहान लागून वजन उतरणं, यांपैकी काही दिसलं तर वही पुरी होण्याची वाट पाहू नये.

आणि वैतागून उरलेली गोळी एकदम बंद करू नये. त्याने फिट येऊ शकते. अमेरिकेतल्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट अशी असावी. त्रास वाढला तर आहे त्या मात्रेवर काही दिवस थांबता येतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा. रात्रीची लघवी आटवणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध असतं, तेही शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून मागून घ्यायचं नाही. वयस्कांत त्याने रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं.